साडेचार पौंडांचा चाप आणि ओरिनचे जॅकेट

मी, ओलेटा ब्रँडव्होल्ड, वय त्र्याहत्तर, धंदा बंदुका-पिस्तुलांची दुरुस्ती, राहणार टॅमरॅक फोर्ड, मोंटाना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी माझ्या हयातीत येऊन वाद घालावा, नंतर नको. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. ते आणणारा या काउंटीत अजून जन्मायचा आहे. याआधी काही लिहून ठेवले असेल तर ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर, ट्रक आणि बँकेत असेल ते सर्व माझे पती ओरिन यांना. याला कसलीही अट नाही. बेचाळीस वर्षांच्या संसाराला शेवटी अट घालावी, एवढी मी हलकी नाही.

कलम २. दुकान, लेथ, घासायचे दगड, चापाचे वजन मोजायचा काटा आणि रबरी हातोडा पुतणी ट्रेसा हिला. इथे मात्र अट आहे. कारखान्याने बसवलेल्या सुरक्षेच्या भागांना दगड लावायचा नाही. काम झाले की पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करायची, घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारा मागचा खटका, चढवायचा आणि चारी बाजूंनी हातोड्याने ठोकायचे. घोडा जागचा हलला नाही तरच ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. एकतीस वर्षांत एकही पिस्तूल मी याशिवाय बाहेर सोडलेले नाही, ओरिनचेही नाही.

कलम ३. आता ओरिनचे पिस्तूल. कंबरेला लावायचे, तळहाताएवढे. चाप साडेसात पौंडांचा, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारा, आणि खरखरीत. ओरिनचा उजवा हात गवताच्या गठ्ठ्यांच्या यंत्रात सापडल्यापासून त्याच्या बोटात जोर नाही. चाप ओढता ओढता नळी डावीकडे जायची आणि गोळी लक्ष्याच्या बाहेर. "ओलेटा, मला आता हे जमत नाही," असे तो एका सकाळी म्हणाला, तेव्हा त्याचा चेहरा मला बघवला नाही. मी स्प्रिंग बदलली, भाग घासून गुळगुळीत केले, चाप साडेचार पौंडांवर आणला. त्या दुपारी त्याच्या पाचही गोळ्या एका बशीत मावतील अशा बसल्या, आणि तो पोरासारखा हसला.

माझा दीर डेल्मर, म्हणजे ट्रेसाचा बाप, आमच्या नेमबाजी क्लबचा प्रमुख आहे. तो तेव्हाच म्हणाला होता, "वहिनी, कंबरेच्या पिस्तुलाच्या चापाला हात लावायचा नसतो. उद्या काही झालं तर वकील तुला सोलून काढतील."

झाले. सहा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात, क्लबच्या आवारात गप्पा मारता मारता ओरिनने पिस्तूल म्यानात सारले आणि गोळी त्याच्याच मांडीतून गेली. तेव्हापासून तो लंगडतो. डेल्मरने दवाखान्यातच मला सुनावले, "केलास ना माझा भाऊ लंगडा? हौस फिटली?" दुसऱ्या दिवशी क्लबच्या फळ्यावरून माझ्या दुकानाचे कार्ड काढले गेले. गिऱ्हाइके पन्नास मैल लांब जाऊ लागली. चर्चमध्ये मी भाजून नेलेला हकलबेरी फळांचा गोड पायसुद्धा लोक जपून खाऊ लागले.

दवाखान्याने मला ओरिनचे जॅकेट परत दिले, काठाजवळ गोळीचे भोक पडलेले. खालच्या काठाला घट्ट करायची दोरी असते, तिच्या टोकाचा प्लास्टिकचा मणी बंदुकीच्या दारूने काळा पडून तुटला होता. मणी म्यानात गेला, चापापुढे अडकला आणि ओरिनने वरून तळहाताने दाबले. मी तसाच मणी त्याच जातीच्या दुसऱ्या, चाप न बदललेल्या, साडेसात पौंडांच्या पिस्तुलात अडकवून पाहिला, अर्थात रिकाम्या. तीनदा दाबले, तीनदा घोडा पडला.

मी विचारले, "ओरिन, दोरी अडकली ना?"

तो भिंतीकडे वळला. "मला आठवत नाही गं."

हाच माणूस क्लबमध्ये सव्वीस वर्षे नवशिक्यांना शिकवत आला: पिस्तूल म्यानात घालताना नजर खाली, कपडा बाजूला, आणि जॅकेटच्या दोऱ्या घरी गेल्या गेल्या कापा. त्याला लाज वाटली, हे मला समजते. पण ती लाज सहा वर्षे मी वागवली, आणि त्याचा मला राग आहे. अजून आहे. आणि चाप मी हलका केला, यात मला तसूभर पश्चात्ताप नाही. उद्या कोणी दुखऱ्या बोटाचा आला तर पुन्हा करीन.

कलम ४. कपाटात वरच्या खणात डेल्मरचे पिस्तूल आहे. गेल्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी, तो दुकानाच्या मागच्या दाराने आला. "वहिनी, बोट आखडतंय. जरा हलका करून दे. आणि हे बघ, कुणाला बोलू नकोस."

मी म्हटले, "वकील सोलतील, भाऊजी."

"जाऊ दे ना आता, किती ताणशील!"

काम चोख झाले आहे, पण पिस्तूल मी मुद्दाम ठेवून घेतले आहे. मी गेल्यावर ते पिस्तूल त्याला क्लबच्या सभेत, सर्वांसमोर, नावाच्या चिठ्ठीसकट परत करावे. काट्याने चापाचे वजनही तिथेच करून दाखवावे.

कलम ५. ते जॅकेट, भोकासकट आणि मण्यासकट, ओरिनला. माझ्या अंत्यविधीला त्याने तेच घालावे. काही बोलायची गरज नाही, बघणारे बघतील.

कलम ६. जेवणात डेल्मरची ती मांस-राजम्याची तिखट चिली ठेवू नये. मेल्यावर तरी माझी सुटका व्हावी.

साक्षीदारांच्या सह्यांखाली मी एक ओळ मोकळी सोडली आहे. वकील म्हणाला, कायद्याने तिची गरज नाही. मला आहे. हा कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मिठाच्या बरणीखाली उघडा राहील.

सही: ओलेटा ब्रँडव्होल्ड
स्थळ: टॅमरॅक फोर्ड. दिनांक: ९ मार्च.
साक्षीदार: १. अर्डिस कोल्बर्ग, पशुखाद्य दुकान. २. पाद्री लायल स्ट्रँड.

मोकळी ओळ:

दोरीच होती. चापात काही खोट नव्हती. अंत्यविधीपर्यंत कशाला थांबायचं? शनिवारी क्लबात जॅकेट घालून जातोय, तू बरोबर चल. — ओरिन, २० मार्च.