तांबडी गाय

मोखोत्लोंग, १४ फेब्रुवारी

चि. रेलेबोहिले हीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या हट्टापायी आले बाई या गावप्रमुखांच्या प्रशिक्षणाला. इथे एकवीस प्रमुख आहेत, त्यांत बायका आम्ही चारच. तुझे भावजी गेल्यापासून दोन वर्षं गाव सांभाळते आहे, मला काय शिकवणार, असं मनात होतं. पण शिकवणारी मुलगी भलतीच खमकी निघाली. काल तिने एकेका प्रमुखाला आरोपीच्या जागी, जमिनीवर बसवलं आणि बाकीच्यांना न्याय करायला लावला. एक लठ्ठ प्रमुख घोंगडी सावरत कुरकुरत होते. मीही बसले. खालून प्रमुखाचा चेहरा दिसतच नाही गं, नुसते बूट दिसतात. आजवर माझ्यासमोर किती जण तसे बसले असतील, ते आठवून रात्री जेवण गेलं नाही.

आता गावी गेल्यावर कुरणाचा नियम कागदावर लिहून गावसभेत वाचायचा आहे. आमचे चुलतसासरे सेलेबालो मी निघतानाच म्हणत होते, बाईमाणूस आता वही घेऊन गुरं वळणार. म्हणू देत.

तुझी ताई,
मालिनेओ

मासेरू, ९ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून इतकी हसले, की दवाखान्यातल्या बाकीच्या नर्स बघायला आल्या. तू आणि जमिनीवर! लहानपणी चूल लिंपतानासुद्धा पाट लागायचा तुला. पण खरं सांगू, मला तुझा फार अभिमान वाटला. म्हातारबुवांकडे लक्ष देऊ नकोस.

आता कामाचं. थाबांगचं लग्न ठरलं! मुलीचे वडील लेफेआना जुलैत तुझ्याकडे गुरं मोजायला येतील. मुलीबद्दल आपण त्यांना वीस द्यायची ठरली आहेत, आणि आपल्या दोघींची मिळून वीसच तुझ्या गोठ्यात आहेत. त्यातली तांबडी गाय त्यांना मागच्या खेपेला फार आवडली होती, तिला जप. माणूस कडक आहे. एक जनावर कमी पडलं, तर मुलगी देणार नाही. माझ्या लेकाचं सुख तुझ्या गोठ्यात आहे बघ.

माया कमी करू नकोस.
तुझी रेलेबोहिले

हा-सेलोमो, २७ मे

चि. रेलेबोहिले हीस आशीर्वाद.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आधी बसून घे.

मार्चमध्ये गावसभेत नियम वाचला. जून लागेपर्यंत हिवाळ्यासाठी राखलेल्या कुरणात कुणाचीही गुरं जाणार नाहीत. गेली तर कळप तीन दिवस कोंडवाड्यात, आणि पकडणारा निवडेल ते एक जनावर गावाच्या कामाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमचा गुराखी त्सेलिसो पहिल्या रांगेत बसून डोलावत होता.

परवा तोच माझ्या गोठ्यातली गुरं घेऊन कुरणात शिरला. विचारलं तर म्हणाला, प्रमुखांची गुरं दरवर्षी सगळ्यांच्या आधीच जातात की, तुमच्या आजेसासऱ्यांपासूनची रीत आहे, नियम तर बाकीच्यांना. नियम लिहिताना ही रीत मलाच आठवली नव्हती. माझी गुरं कुरणात आधी जातात, हे मला कधी वेगळं वाटलंच नव्हतं.

पकडली कुणी, तर सेलेबालोंनी. सगळा कळप माझ्या अंगणात आणून उभा केला आणि म्हणाले, सूनबाई, काढा आता वही. गाव जमलं होतं. सोडून दिली असती, तर त्या कागदाने चूलही पेटवता आली नसती. मी खुर्चीवरून उठले, समोर जमिनीवर बसले आणि त्यांना म्हटलं, मामंजी, आज तुम्ही बसा खुर्चीवर. माझा न्याय मला करता येणार नाही.

ते दचकलेच. पण बसले. तीन दिवस कोंडवाडा, आणि जनावर निवडलं ती तांबडी. ती आता झऱ्याभोवती भिंत बांधणाऱ्यांच्या जेवणाला गेली. माझ्याकडे बदली द्यायला दुसरं जनावर नाही. रेलेबोहिले, मी तुझ्या लेकाच्या लग्नाचं देणं देऊन टाकलं. मला माफ कर म्हणायलाही तोंड नाही.

मालिनेओ

मासेरू, ६ जून

ती. ताईस नमस्कार.

तुला प्रशिक्षणाला पाठवणारी मीच, आणि ते माझ्याच मुळावर आलं. व्याह्यांना द्यायची गुरं आहेत, एवढं सांगता आलं नाही तुला? थाबांग म्हणतो, मावशीनं बरोबर केलं. म्हणतो आणि जेवत नाही. मला तुझा राग आलाय आणि तू चुकलीस असं म्हणताही येत नाही, म्हणून आणखी राग आलाय. इथेच थांबते.

रेलेबोहिले

हा-सेलोमो, १९ जुलै

चि. रेलेबोहिले हीस अनेक आशीर्वाद.

लेफेआना काल आले. ऐन हिवाळा, डोंगरावर बर्फ होतं, तरी मोजायला बाहेरच उभे राहिले. दोनदा मोजलं. एकोणीस. मग विचारलं, तांबडी कुठे आहे?

आपल्याकडून बोलणी करायला सेलेबालो होते. तेच पुढे झाले आणि म्हणाले, ती मी खाल्ली. मी आणि या गावच्या चाळीस जणांनी. मीच निवडली, कारण मला वाटलं, ही बाई ऐन वेळी कच खाईल. नाही खाल्ली तिने. जनावर मोजायचंच असेल, तर खाली चला, दाखवतो.

दोघं म्हातारे काठ्या टेकत झऱ्यावर गेले. लेफेआनांनी भिंतीवरून हात फिरवला, ओंजळभर पाणी प्याले. आता त्या पाण्यात गुरांचा पाय पडत नाही. वर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, वीस झाली.

लग्न ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी. थाबांगला म्हणावं, आता जेव. सेलेबालो विचारताहेत, पुढच्या प्रशिक्षणाला म्हातारी माणसं घेतात का. तेवढी चौकशी करून कळव, आणि राग गेला असेल तर चार ओळी जास्त लिही.

तुझीच ताई,
मालिनेओ