तुझ्या खिडकीतला बुडबुडा

अनघा,

ऊन अडवणारी फिल्म कॅम्परव्हॅनच्या मागच्या सगळ्या खिडक्यांना मी स्वतः लावली. आता तिला ‘चाकांवरची भट्टी’ म्हणता येणार नाही. भर दुपारी आत बसून पाहिलं, मिशीलासुद्धा घाम आला नाही.

आपल्या मैत्रेयीच्या लग्नातली गुलाबदाणी शोधू नकोस. काचांवर साबणाचं पाणी शिंपडायला घेतली होती, अजून फेस गाळते आहे. फिल्मखालचं पाणी तुझ्या कालथ्याला फडकं गुंडाळून निपटलं. कालथा धुतलाय.

व्हॅन घेतल्यापासून तू माझ्याशी ‘जेवायला या’ एवढंच बोलतेस. ही व्हॅन घेऊन मलेशियापर्यंत एकट्याने जाण्यात मला गंमत वाटत नाही.

तुझ्या बाकाजवळच्या खिडकीत एक मोठा बुडबुडा राहिलाय. मी खाली पार्किंगमध्येच आहे. सुई घेऊन ये आणि मला मनसोक्त बोल.

शिरीष