खाऱ्या चंद्रावरचं गाऱ्हाणं

३ फेब्रु., मंगळ.

आज पुन्हा चहाबरोबर आईचा प्रश्न. "कोन काय बोलला?" रोजचंच. मी मोबाइल काढून वाचून दाखवते. चांगलं तेवढंच.

'खारा चंद्र'चे आठही भाग येऊन तीन आठवडे झाले. बर्फाखाली समुद्र असलेला चंद्र, तिथे वस्ती करायला गेलेली माणसं, त्यांच्यात एक म्हातारी, आजी ओरा, कार्टून असूनही मोठ्यांसाठी. मूळ परदेशी, मराठी संवाद माझे. आता केदारने (डबिंगचं सगळं तोच बघतो) नवीन काम गळ्यात मारलंय. प्रेक्षकांच्या मराठी प्रतिक्रिया वाचायच्या, तक्ता करायचा. रकाने: कथा, चित्रं, आवाज, भाषा. दर शुक्रवारी पाठवायचा.

आईला वाचून दाखवलेलं: "आजी ओरा बोलली की माझी आजी आठवते. रडू आलं." आई म्हणाली, कोन गं ती, कुठली? मला काय माहीत. नाव 'स्पेस_पोपट' असं होतं, ते सांगितलं नाही.

५ फेब्रु.

न वाचून दाखवलेलं, आजचं:

"आजी ओराला मासळी बाजारातून उचलून आणलंय का?"

"दोनशे वर्षं पुढे जाऊन, चंद्रावर पोचूनही ही बाई हाय-नायच करणार असेल तर काय उपयोग."

"मराठी डब म्हणजे शिक्षा. ओरिजिनल बघा."

ती बाई माझी आई आहे. ओरा मुळातही खेडवळच बोलते, म्हणून मीच आमच्या खाडीकडची बोली सुचवली. आवाज द्यायला तीन शिकलेल्या बायका येऊन गेल्या, तिघींनीही कंबरेवर हात ठेवून तमाशातल्या कोळणीसारखं बोलून दाखवलं. आई त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे जायचं म्हणून माझ्याबरोबर नवीन पनवेलला आली होती, स्टुडिओत बाकावर बसली होती. केदारने तिला म्हटलं, काकू, दोन ओळी बोलून बघता? झालं. बाहत्तराव्या वर्षी अंतराळात गेली.

हौस माझी, आणि शिव्या तिला. सगळं 'भाषा' या रकान्यात टाकलं. रकाना लांबत चाललाय.

८ फेब्रु., रवि.

आज एकाने लिहिलंय, जसंच्या तसं उतरवते:

"भाग ६. बर्फ फोडून पहिली नाव पाण्यात सोडतात तेव्हा आजी ओरा प्रार्थना करते. त्यात 'माझा दिनू' असं ऐकू येतं. सबटायटलमध्ये नाही. इंग्रजीत तर नुसतं गुणगुणणं आहे. दिनू कोण? माझ्या मते ओराचा मुलगा पहिल्या यानात होता आणि वसाहत कंपनीने ते दडपलं."

खाली चर्चा. दिनू जिवंत आहे. दिनू म्हणजे यंत्रमानव. दिनू पुढच्या पर्वाचा खलनायक.

दिनू माझा धाकटा भाऊ आहे.

त्या प्रसंगात ओराच्या डोक्यावर शिरस्त्राण आहे, ओठ दिसतच नाहीत, म्हणजे ओठांना शब्द जुळवायची कटकट नाही. केदार म्हणाला, काकू, तुमच्याकडे होडी सोडताना काय म्हणता ते म्हणा. आईने डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं. नारळी पुनवेला घालते तेच. दर्या राजा, जे पान्यावर हायत त्यांना सांबाल, ज्यांची वाट चुकली त्यांना वाट दाव, माझा दिनू जिथं आसल तिथना घरा आन. मी काचेच्या बाहेर उभी. केदारचे डोळे भरले, एका टेकमध्ये ओके. त्याला वाटलं, दिनू म्हणजे कुणी देवबिव असेल. मी गप्प बसले. वाटलं, सवयीने गेलं तोंडातून, जाऊ दे, कोण ऐकतंय.

९ फेब्रु.

कुठेतरी एकदा लिहून टाकावं. इथेच लिहिते.

नऊ वर्षं झाली. बाबा आणि दिनू बोटीवर. बाबांच्या छातीत कळ आली तेव्हा जाळं पाण्यात होतं. दिनूने आधी जाळं ओढलं, मग बोट फिरवली. किनाऱ्याला लागेपर्यंत बाबा गेलेले. बाराव्याच्या दिवशी घरामागे, भांडी घासायच्या जागी, मी त्याला म्हणाले, "जाळ्यापायी बाप मारलास तू." त्याने हातातला तांब्या खाली ठेवला, तोही नीट, आवाज न करता. दुसऱ्या दिवशी पहाटे घरात नव्हता.

पुढे कुणी सांगितलं वेरावळला बोटीवर दिसला. कुणी म्हणालं दुबईला. फोन लागत नाही. आईला वाटतं बाप गेला त्या धक्क्याने गेला. मी तसं वाटू दिलं. बोट विकली, तिला सुकापूरला घेऊन आले, वर चांगली मुलगी म्हणून मिरवतेय.

१२ फेब्रु.

केदारचा फोन. दाखवणाऱ्या कंपनीतून विचारणा आली, स्क्रिप्टमध्ये नसलेलं नाव आवाजात कसं? शिवाय भाषेबद्दल तक्रारी फार. ओरा पूर्ण बदलायची, दुसरी बाई, शुद्ध मराठी. सहावा भाग आधी. २७ तारखेला नवा आवाज चढणार. नवे संवाद अर्थात मीच लिहायचे, वीस तारखेच्या आत.

मी म्हटलं, चांगल्याही प्रतिक्रिया आहेत की. तो म्हणाला, "तुझाच तक्ता त्यांनी पुढे ठेवला गं. भाषेचा रकाना बघ तुझा." बिचारा शरमला होता. म्हणाला काकूंना काय सांगायचं ते तूच सांग.

खरंच होतं. हसून रडणारे चेहरे टाकणाऱ्यांनाही मी इमानेइतबारे मोजलं होतं. 'आजी आठवली'वाल्यांना 'आवाज'मध्ये टाकलं होतं. आपल्याच हाताने आपल्याच आईला काढलं मी.

१४ फेब्रु., शनि.

सांगायचं ठरवून स्वयंपाकघरात गेले. ती बोंबील साफ करत होती. माझ्याआधी तीच बोलली.

"यो तुजा पिच्चर सगल्या देशान दिसतं ना? दुबईन पन? बोटीवरचं लोक मोबाइलवर बगतान ना?"

म्हटलं, हो, दिसतो.

"मंग बरा हाय."

आणि बोंबील धुवायला लागली. मी तिथेच उभी राहिले. सवयीने गेलं नव्हतं तिच्या तोंडातून. तिने मुद्दाम घातलं होतं ते नाव. स्टुडिओत, हेडफोन लावून, आम्ही सगळे तिला भोळी म्हातारी समजत असताना. आणि रोज सकाळी "कोन काय बोलला" विचारते ते कौतुकासाठी नाही. मी मूर्ख. रोज तिला कौतुक वाचून दाखवते आणि ती हूं हूं करत पुढच्याची वाट बघते.

सांगितलं नाही.

१७ फेब्रु.

नवे संवाद लिहिले. गाऱ्हाण्याच्या जागी: "हे सागरा, आमच्या प्रवासाचे रक्षण कर." सेकंद मोजून बसवलं. बरोबर बसतं.

शाळेच्या गॅदरिंगमध्ये म्हणतात तसं वाटतं. कुणाची तक्रार येणार नाही.

१९ फेब्रु.

केदारला विनवलं, निदान सहावा भाग राहू दे. बोली नको तर नको, ते एक गाऱ्हाणं ठेव. त्याने वर विचारलं म्हणे. नाही. नावामुळेच तर सुरू झालंय ना सगळं, असं म्हणाले. दिनूवर आता एकाने चाळीस मिनिटांचा व्हिडिओ केलाय. बाण, वर्तुळं, तारखा. मी पूर्ण पाहिला. तो मुलगा मनापासून शोधतोय दिनूला. मी नऊ वर्षांत एवढं शोधलं नाही.

दिवसभर जेवण गेलं नाही. या सगळ्याचा काही उपयोग नाही, हे आत कुठेतरी मला माहीत आहे. तो बघत नसणार. असलाच तर असली चित्रं बघणारा नव्हे तो.

२० फेब्रु., शुक्र.

संवाद पाठवले. मग आईला सांगितलं. तुझा आवाज काढतायत, लोकांना भाषा आवडली नाही.

तिला वाईट वाटेल, चिडेल, असं धरून चालले होते. तिने एवढंच विचारलं, "कवा काडनार?"

पुढच्या शुक्रवारी.

"मंग तवर हाय."

ते ऐकून माझा बांध फुटला. भांडी घासायच्या जागी काय बोलले ते सगळं सांगून टाकलं. तिच्याकडे न बघता, ओट्याकडे बघत. संपेपर्यंत तिने ऐकून घेतलं. मग:

"मना ठाव हाय. मी मागल्या दारान व्हती."

म्हटलं, नऊ वर्षं? बोलली का नाहीस?

"तू बोलशील म्हून थांबली."

तिने गॅस बारीक केला आणि भात बघितला. मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

२२ फेब्रु., रवि.

दोन दिवस आम्ही कामापुरतं बोलतोय. आज सकाळी "कोन काय बोलला" नाही. त्याऐवजी म्हणाली, ते लोक लिवतान तिथं आपल्याला लिवता येतं का? म्हटलं, येतं. तू सांग, मी लिहिते.

"मी माजा बोलली. आता तुजा लिव."

दुपारभर बसले. माझ्या खऱ्या नावाने, सहाव्या भागाखाली:

"दिनू हे पात्र नाही. तो माझा भाऊ आहे. आजीचा आवाज आमच्या आईचा आहे, तिने त्याला हाक मारली. दिनू, जाळं तोडून लगेच वळला असतास तरी बाबा वाचले नसते. डॉक्टर त्याच दिवशी मला म्हणाले होते. मला माहीत होतं, तरी तुला बोलले, कारण माझा राग कुणावर तरी काढायचा होता. चूक माझी. आई सुकापूरला माझ्याकडे आहे. ये."

डॉक्टरांचं आईलाही ठाऊक नव्हतं. वाचून दाखवलं. ती उठून बाल्कनीत गेली आणि वाळलेले कपडे काढत बसली. एकेक घडी घालून.

२४ फेब्रु.

हजारो अंगठे. "सलाम ताई." "प्रमोशनचा नवा प्रकार, छान आहे." "म्हणजे माझी थिअरी चुकली 😭" असं त्या व्हिडिओवाल्याने. एकीने लिहिलंय की असल्या बहिणीकडे त्याने येऊच नये. तिचं मी दोनदा वाचलं.

आणि मग सुरू झालं. "आई, मीच दिनू." "दिनू हियर, चंद्रावर रेंज नाही." "मी दिनू, आधी जेवायला काय आहे ते सांग." एकाने लिहिलं म्हणून दुसऱ्याने. खेळच झाला. काही काढून टाकता येतात का बघितलं, येत नाहीत.

केदारचा मेसेज: हे लिहायच्या आधी विचारायचंस. पुढचं काम मिळेलसं वाटत नाही. असो.

२७ फेब्रु., शुक्र.

चढला नवा आवाज. बाई चांगली बोलते, स्पष्ट. हे सागरा, आमच्या प्रवासाचे रक्षण कर. आईने अर्धं ऐकलं आणि म्हणाली, बंद कर.

पहिली प्रतिक्रिया: "आता कुठे ऐकवतं." दुसरी: "जुनं कुणाकडे आहे का? दिनूवालं?" कुणाकडे नाही. माझ्याकडेही नाही, मूळ रेकॉर्डिंग स्टुडिओच्या मशीनवर होतं, पुसलं असणार. मी निदान तेवढं तरी करायला हवं होतं.

खालच्या प्रतिक्रिया मात्र तशाच आहेत. माझीही.

१ मार्च, रवि.

होळी तोंडावर आली. गावाहून चुलत्यांचा फोन आला, वहिनीला घेऊन ये शिमग्याला. आई नाही म्हणाली. घरात माणूस पायजे, म्हणाली.

मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. सगल्या वाच, वाईट पन, म्हणाली. मी वाचल्या. मासळी बाजार, हाय-नाय, असल्या बहिणीकडे येऊ नये, सगळं. ती ऐकत होती. 'मी दिनू'वाले आले तेव्हा मी थांबले. म्हटलं आई, ही टवाळ पोरं आहेत, यांना दुसरा उद्योग नाही.

"किती हायत?"

म्हटलं, शंभराच्या वर असतील. वाढतायत.

"सगली टवाल हायत ह्या तुना कसा म्हाईत?"

मी यादी पुन्हा वर सरकवली.

"येकेकाला इचार. आपले बोटीचा नाव काय व्हता. येवराच इचार."

मी सांगून बघितलं. कुणी उत्तर देणार नाही, दिलं तर चेष्टाच करतील, 'टायटॅनिक' म्हणतील. ती म्हणाली, म्हनू दे. तुजा काय जातं?

खरंय. माझं काय जातं. सकाळपासून बसलेय. ज्याने ज्याने 'मी दिनू' लिहिलंय त्याच्या खाली: "आपल्या बोटीचं नाव काय होतं?" पुन्हा तेच, पुन्हा तेच. तिघांनी उलट 'टायटॅनिक'च लिहिलं. आई बाजूला बसून लसूण सोलतेय, प्रत्येक वेळी विचारते, काय बोलला? मी सांगते. ती म्हणते, हा नव्हं, म्होरला.

एकसष्ट झाले. जेवून घेते, मग उरलेल्यांना विचारते.