ऑफिसची वेळ पाळणारा बिघाड

१४ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा गेलं! सकाळी नऊच्या सुमाराला तुटलं ते तुटलंच. पडद्यावर तीच लाल ओळ — स्टोरेजशी संपर्क होत नाही. गेल्या आठवड्यापासून हाच तमाशा. नवं कोरं स्टोरेज, दिवे हिरवेगार, आतली ड्रॉइंग्ज सुखरूप. पण ज्या सॉफ्टवेअरमधून त्याला काम सांगायचं, त्याला ते दिसतच नाही. म्हणजे नव्या जहाजाच्या ड्रॉइंग्जसाठी जागा काढून देता येत नाही. डिझाइनवाले बसून आहेत आणि माझ्या नावाने खडे फोडतायत.

आमचे टीमप्रमुख बांग साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले. "प्यो, तुझं कंत्राट महिनाअखेरपर्यंत ना? वर नाव पाठवायचंय मला. त्यात हे असलं नको." अगदी गोड आवाजात. ते गोड बोलले की समजावं, काहीतरी शिजतंय.

घरी बायकोला, यनजूला, सातवा महिना लागलाय. गोदी अर्धी रिकामी झालीय, ही नोकरी गेली तर या बेटावर दुसरी मिळणं कठीण.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

केबल बदलली. नेटवर्कच्या स्विचचं पोर्ट बदललं. फायरवॉल उघडी टाकून पाहिली. शून्य!

मदत-केंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणते, "सर, एकदा बंद करून चालू केलंत का?" केलं गं बाई, तेच करतोय सकाळपासून!

दुपारी सगळे जेवायला गेले आणि आपोआप सुरू. सगळे परत आले — बंद. मला वाटलं, जिना चढणाऱ्यांच्या पायांनी कुठली तरी वायर हलतेय. जिन्याखाली रांगत जाऊन पाहिलं. पँट मळली, दुसरं काही नाही.

१६ नोव्हेंबर, बुधवार

स्टोरेज विकणाऱ्या कंपनीचा इंजिनियर आला, थाक म्हणून. आला कधी? नेमका जेवणाच्या सुट्टीत! सगळं सुरळीत. "बिघाड बिघाड काही नाही हो. तुम्हालाच विश्रांतीची गरज आहे." वर माझ्याच पैशाने डुकराच्या मटणाचा सूप-भात ओरपला, मुळ्याची किमची दोनदा मागून घेतली. त्याची गाडी बुसानच्या पुलापर्यंत पोचली नसेल, तेवढ्यात बंद.

बांग साहेब येऊन ती लाल ओळ बघून गेले.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

आज कॉलेज-प्रवेशाची परीक्षा. परीक्षेच्या पोरांना रस्ते मोकळे मिळावेत म्हणून सगळी ऑफिसं दहाला. मी मात्र रोजच्या वेळेला जाऊन बसलो. नऊ वाजले — सुरू. साडेनऊ — सुरू! म्हटलं, गेली एकदाची पीडा. बाकीचे दहाला जांभया देत आले आणि पाठोपाठ — बंद!

कपाळावर हात मारून घेतला. अरे, बिघाडाला काय माहीत आज परीक्षा आहे? यंत्राला नाही कळत, माणसाला कळतं! आमच्याबरोबर येतो, आमच्याबरोबर जेवतो, आमच्याबरोबर घरी जातो — असा कुणीतरी आहे. त्याचं मशीन माझ्या स्टोरेजचाच नेटवर्कवरचा पत्ता घेऊन बसतं. एका पत्त्यावर दोघं राहायला आले, मग पोस्टमन तरी काय करणार?

स्विचमध्ये शोधलं. सापडलं. त्या पत्त्यावरचं दुसरं मशीन तळघरात आहे, जुन्या कागदी ड्रॉइंग्जच्या खोलीत. तिथे तर काळं कुत्रं फिरकत नाही.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

तळघराच्या जिन्यावर पहारेकरी योम काका आडवे आले. "वर जा हो प्यो साहेब. खाली धूळ आहे नुसती." मी हललो नाही. मग हळूच, "जाऊ द्या ना. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

दार उघडलं. नामगुंग सर!

सूट, टाय, केस नीट विंचरलेले. ऑगस्टमध्ये यांनाच 'स्वेच्छेने' घरी बसवलं. निरोपाच्या मानपत्राबरोबर फोटो काढणारा मीच. स्टोरेजचा 'स' यांनी शिकवला मला. आणि आता फायलींच्या कपाटांमध्ये कोंडून घेऊन लॅपटॉपवर बादुकच्या खेळातल्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडत बसलेत.

"घरी सांगितलं नाही अजून," म्हणाले. "थोरलीचं लग्न आहे वसंतात. बाप कामावर असताना झालेलं बरं. व्याही काय म्हणतील?"

माझा ताबाच सुटला. "सर, ऑगस्टपासून? काल तर दहाला आलात! बायकोला सांगायला काय होतं? खाणार आहेत का त्या तुम्हाला?"

ते हसले. "काल लवकर निघालो असतो तर तिला संशय आला असता." मग माझ्या तोंडाकडे बघून, "माझ्यामुळे काही बिघडलं का रे?"

सांगितलं. ते गेले म्हणून पत्त्यांच्या यादीतून त्यांचं नाव काढलेलं. पत्ता मोकळा दिसला, मी तो नव्या स्टोरेजला दिला. त्यांच्या लॅपटॉपमध्ये मात्र तोच पक्का बसलेला, त्यांनीच बसवलेला. लॅपटॉपचा पत्ता बदलायला क्षणभर लागला. सर उठले आणि कमरेत वाकले. माझ्यापुढे! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२१ नोव्हेंबर, सोमवार

दिवसभर एकदाही तुटलं नाही. जागा काढून दिली, डिझाइनवाले कामाला लागले.

बांग साहेब म्हणाले, "कारण लिहून दे. सहीनिशी."

खरं लिहिलं असतं तर योम काकांची नोकरी गेली असती आणि सरांच्या घरी ऑफिसचा फोन. 'पत्ता देताना माझ्याकडून चूक झाली' असं लिहिलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "एक पत्ता दोघांना? हे तर शिकाऊ पोरंही करत नाहीत, प्यो."

मान खाली घातली. राग आला, प्रचंड आला.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

कंत्राट पुढे नाही. बांग साहेबांनी कॉफी पाजून सांगितलं.

यनजूला सांगायचं म्हणून घरी आलो. ती बाळाचे मोजे मांडून बसली होती. "साहेब खूश आहेत ना आता?" "हो," म्हटलं. उद्या सांगेन.

२६ नोव्हेंबर, शनिवार

नाही जमलं.

१ डिसेंबर, गुरुवार

यनजूने शर्टाला इस्त्री करून दिली. नेहमीच्या वेळेला घरातून निघालो. तळघराच्या जिन्यावर योम काका बाजूला झाले. खाली नामगुंग सरांनी एक खुर्ची ओढली, रुमालाने पुसली आणि म्हणाले, "बस."