बदामीचे ईदचे जेवण

मी, अनिसा जहांगीर पटेल, वय तेवीस, शिक्षण बी.एस्सी., राहणार छत्रपती संभाजीनगर, पूर्ण शुद्धीत, कुणीही भरीस घातलेले नसताना, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. येत्या बुधवारी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. पण ईद दोन आठवड्यांवर आली आहे आणि घरात मांजर आहे, म्हणून लिहिणे भाग आहे.

१. माझ्या नावावर घर नाही, जमीन नाही. पोस्टातली बचत आमच्या धर्माच्या कायद्याप्रमाणे अम्मी-अब्बांकडे जावी. स्कूटी धाकट्या भावाला, मुनीबला द्यावी. हेल्मेट घालणार नसेल तर विकावी.

२. पदवीचे प्रमाणपत्र अब्बांच्या शिलाईच्या दुकानात टांगले आहे, ते तिथेच राहू द्यावे. मापे घेताना अब्बा गिऱ्हाइकाला बरोबर त्या भिंतीकडे तोंड करून उभे करतात, हे मला माहीत आहे.

३. माझी मांजर बदामी मी अम्मीकडे, राहत जहांगीर पटेल हिच्याकडे, कायमची सोपवते. अम्मी माझी वारस असल्याने, आमच्या कायद्याप्रमाणे दुसरे वारस म्हणून अब्बांची संमती खाली घेतली आहे.

मुनीबला हे पटलेले नाही. तो म्हणाला, "आपा, अम्मी को मत दे. लाड में कुछ बी खिलाती." त्याचे म्हणणे गेल्या ईदमुळे आहे, म्हणून ते सगळे इथे लिहिते.

गेल्या रमजान ईदला अम्मीने बदामीला स्वतःच्या ताटातला पुलाव दिला. पुढे तीन दिवस उरलेला रस्साही दिला. चौथ्या दिवशी बदामी पलंगाखालून निघेना, हिरड्या पांढऱ्या पडल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कांदा खाल्लाय का?" कांद्याने आणि लसणाने मांजराचे रक्त बिघडते. मी घरी आले आणि पाहुण्यांसमोर अम्मीवर ओरडले, "एवढंही कळत नाही का तुला?" अम्मी एवढेच म्हणाली, "ईद के दिन घर का जानवर मुँह देखते बैठे क्या?" शेजारच्या केसरबाई मला म्हणाल्या, "लई शिकलीस गं! आईला असं बोलतेत व्हय?"

खरे असे आहे की प्राणिशास्त्र शिकूनही कांद्याचे मला तासाभरापूर्वीच, दवाखान्यात कळले होते. हे मी आजवर कुणाला सांगितले नाही. अम्मीची माफी इथे लेखी मागते.

बदामी वाचली. त्यानंतरच्या बकरी ईदला मी सकाळी स्वयंपाकघरात गेले तर अम्मीने कांदा चिरायच्या आधीच छोट्या पातेल्यात चार बोट्या नुसत्या पाण्यात उकडायला ठेवल्या होत्या. हाड नाही, मीठसुद्धा नाही. गार झाल्यावर बोटांनी तपासून तपासून तिने त्यांचे बारीक तुकडे केले. कुणी सांगितले नव्हते. बदामी तिच्याकडेच का, याचे उत्तर हे आहे.

४. बाकीच्यांसाठी: ईदच्या दिवशी पाहुणे असेपर्यंत बदामीला मागच्या खोलीत ठेवावे, पाणी आणि रेतीचा ट्रे तिथेच द्यावा. शिरखुर्मा तिला चाटूही देऊ नये, त्यात दूध आणि मनुका असतात. शिजलेली हाडे झाकणाच्या डब्यात टाकावीत. ती तुटून घशात रुततात. केसरबाईंनी दिवाळीचा चिवडा पाठवावा, पण त्यात कांदा-लसूण असतो, म्हणून अम्मीच्याच हातात द्यावा. बदामीने काही भलते खाल्लेच तर वाट बघू नये, लगेच दवाखान्यात न्यावे. अम्मीला रागावू नये. रागावण्यात तो वेळ जातो.

५. हे मृत्युपत्र मी अम्मीला वाचून दाखवले. ती सही करेना. म्हणाली, "मेरे कू मत दे. अमानत लिख. अमानत वापस लेने मालिक कू आना पडता." म्हणून कलम ३ मधील 'कायमची सोपवते' हे शब्द खोडून वर 'अमानत म्हणून ठेवते' असे लिहिले आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे. त्यानंतर अम्मीने उर्दूत सही केली.

लिहून देणार: अनिसा जहांगीर पटेल
अमानत घेणार: राहत जहांगीर पटेल
संमती: जहांगीर पटेल
आमच्यासमोर सही केली: केसरबाई, शेजारी; बद्रीनाथ, केसरबाईंचे यजमान

छत्रपती संभाजीनगर, ८ मार्च २०२६