पिंजऱ्यात कोण उभं राहतं

माय, आज कोर्टात साक्ष देऊन आले. चांगली तासभर पिंजऱ्यात उभी होते, आणि घरी येऊन आल्याचा चहा करून प्याले. तू असतीस तर कपाळावर हात मारला असतास.

तुझं मत पक्कं होतं. "पिंजऱ्यात चोर उभा राह्यते. आपन काऊन उभं राहाचं?" हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचताना मुकादमाने सगळ्या बायांसमोर तुझ्या थोबाडीत मारली, तेव्हा ठाण्यातला हवालदार स्वतःहून म्हणाला होता, "बाई, तक्रार दे, मी लिहून घेतो." तू दिली नाहीस, कारण पुढे कोर्टात उभं राहावं लागलं असतं. मग मुकादमाचा भाऊ दोन जाणती माणसं घेऊन येतो, साडी आणि नारळ घेऊन. तू चुलीजवळून उठतेस, पदर पुढे करून ते घेतेस, आणि सगळ्यांना चहा देतेस. मिटलं. दुसऱ्या दिवशी त्याच मुकादमाच्या हाताखाली कामावर. मला तुझा फार राग आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

माझ्याकडेही आले, माय. काळ बदलला, साडी-नारळ तेच. पिपरी मेघेतल्या आमच्या गल्लीत, दारासमोर कचरा टाकू नको म्हटलं म्हणून शेजारच्या पोराने काठीने माझा हात मोडला. त्याची आई दारात उभी. "ताई, गल्लीतली गोष्ट गल्लीतच मिटवून टाका ना. कोर्टात कोनाले न्याय भेटला आजपर्यंत? पोराचं पोलीस भरतीचं चालू हाय, केस राह्यली तर त्याले घेनार नाई." न्यायावर विश्वास नाही, पण पोरगा पोलिसातच हवा. मला हसू आलं. चहा दिला आणि साडी परत केली. नंतर गल्लीतल्या बाया बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या.

कोर्टात तो मागे बाकड्यावर बसला होता, पिंजऱ्यात मी. तक्रार केली की आपल्यालाच उभं राहावं लागतं, एवढं तुझं बरोबर निघालं. मी बोलत होते आणि न्यायाधीश मॅडम ते टायपिस्टला सांगत होत्या. "आरोपीने धक्का दिला," असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मॅडम, धक्का नाही. काठीने मारलं." त्यांनी ते खोडून पुन्हा टाइप करायला लावलं. आपण बोललेलं तिथे लिहून घेतात, आणि चुकलं तर आपल्या सांगण्यावरून दुरुस्तही करतात, हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं.

निकाल यायचा आहे. तो सुटेलही, सरकारी वकिलांनी तसं सांगून ठेवलंय. सुटला तरी मी त्याच गल्लीतून ताठ मानेने जाणार. पण एक गोष्ट तुलाच सांगते, कारण हे पत्र कुठे जायचं नाही. साक्ष संपल्यावर मॅडमनी विचारलं, "आणखी काही सांगायचंय?" मी नाही म्हणाले. खरं तर मला तुझं सांगायचं होतं, माय. मुकादमाचं नाव अगदी तोंडाशी आलं होतं.