जागा द्यायची

९ जानेवारी

डॉक्टरांनी आज औषध वाढवलं आणि वर हे नवीन खूळ — ताई ची! संथ हालचालींचा चिनी व्यायाम. कंपवातात तोल सांभाळायला उपयोग होतो म्हणे. ह्यांनी लगेच विचारलं, "ताईची? मग दादाची कधी?" डॉक्टर हसले नाहीत. मी हसले, सवयीने.

बाहेर पडताना मात्र हे दवाखान्याच्या पायरीवर अडकले. पाय उचलेचना. जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेला माणूस! मागे लोक थांबलेले. मी आपली "काही घाई नाही हो" म्हणत राहिले. घाई सगळ्यांनाच होती.

"तू येणार असशील तर जाईन," घरी आल्यावर म्हणाले. म्हणजे मलाही जुंपलं! दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून मान धरते, त्यात आता हे.

१७ जानेवारी

क्लास पोहण्याच्या तलावावरच्या हॉलमध्ये. क्लोरीनचा वास, कोपऱ्यात खुर्च्यांची चळत. सर पूर्वी मोटार चालवायला शिकवायचे. ती भाषा अजून सुटलेली नाही — "हळू... हळू... मागचा हॉर्न वाजवेना का!"

सगळं वजन एका पायावर घ्यायचं. तो भरलेला. दुसरा रिकामा. मगच तो रिकामा उचलायचा. एवढंच! तासभर एवढंच! एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सर, यात स्वसंरक्षण पण आहे ना? मारायला कधी शिकवणार?" सर म्हणाले, "आधी उभं राहायला शिका. बहुतेकांना तेवढंच पुरतं."

ह्यांना सारखं भिंतीला टेकावं लागलं. मला मात्र जमलं. जमायला नको होतं, असं वाटलं.

२ फेब्रुवारी

ह्यांना काही फरक नाही.

२० फेब्रुवारी

आता जोड्या. समोरासमोर उभं राहून मनगटाला मनगट लावायचं. एकाने ढकलायचं. दुसऱ्याने अडवायचं नाही — जोर आला की कमर वळवून बाजूला व्हायचं, त्याला जागा द्यायची. तो आपल्याच जोराने पुढे जातो. सर म्हणतात, सगळी ताई ची यातच आली.

मला अडवायचीच सवय. संसारात दुसरं केलं काय! बाकीचे पुढचे प्रकार शिकतायत आणि मला मात्र परत परत हेच. "अजून अडवताय तुम्ही, बाई." हात धुऊन मागे लागलेत माझ्या. हे भिंतीशी खुर्चीवर बसून बघत असतात. चेहरा आता हलत नाही ह्यांचा, तेव्हा कौतुक आहे की कंटाळा, कळायला मार्ग नाही.

११ मार्च

सरांनी आज चांगला जोर लावून ढकललं आणि मी तिथे नव्हतेच! कशी वळले, मलाही कळलं नाही. सर खुर्च्यांवर आपटता आपटता वाचले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनीही. ह्यांचे हात जुळेपर्यंत बाकीच्यांच्या संपल्या होत्या.

माझी मान दुखायची थांबलीय. जिना कठडा न धरता चढते. ज्यांच्यासाठी गेलो ते दिवसेंदिवस खाली, आणि मी टुणटुणीत. असलं बरं वाटणं कुणाला सांगायचीही सोय नाही.

२९ मार्च

ह्यांचा आवाज पार बसलाय. कान जवळ न्यावा लागतो. आज जेवताना ठसका लागला, केवढी घाबरले मी. क्लासला यायचं ह्यांनी बंदच केलंय. मला मात्र ढकलतात — "तू जा, तू जा."

लेकीचा फोन. "आई, बाबा पडले तर तू धरणार आहेस का त्यांना? तुझ्या दुप्पट आहेत ते!" धरीन म्हटलं. आजवर धरलंच ना. फोन ठेवला आणि रडले. ती खोटं कुठे बोलत होती?

६ एप्रिल

पडले.

७ एप्रिल

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. खुब्याचं हाड मोडलंय.

काल सकाळी स्वयंपाकघरात टेबलाशी हे उठले. मी समोर, हातात चहाचा कप. पाय फरशीला चिकटले आणि अंग पुढे आलं. ह्यांचं मनगट माझ्या हाताला लागलं — तेवढंच. माझी कमर वळली, वजन डाव्या पायावर गेलं, मी बाजूला. आणि हे माझ्या शेजारून सरळ फरशीवर.

कपातला चहा सांडला नाही. थेंबसुद्धा नाही! तो कप मी हातात घेऊन उभी होते.

८ एप्रिल

नणंद आली. "अगं, पण तू जवळच होतीस ना?"

होते, वन्सं.

१० एप्रिल

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. चालण्याची आशा धरू नका म्हणाले. लेकीला अजून सांगितलेलं नाही. काय सांगू? तुझी आई बाजूला झाली?

१६ एप्रिल

सर भेटायला आले. माझा तोल सुटला. "हेच शिकवलंत तुम्ही मला! माणूस अंगावर पडतोय आणि मी जागा देते! कोणाची बायको असं करते?" नर्स धावत आली. सर मान खाली घालून उभे राहिले. फळांची पिशवी ठेवली आणि गेले. पिशवी मी शेजारच्या पेशंटला देऊन टाकली.

३ मे

घरी आणलं. पुढच्या खोलीत पलंग. कूस बदलणं, पुसणं, भरवणं. दुकानातून रजा. हे माझ्याकडे बघतात, मी चादर सारखी करते. बोलायला धजत नाही.

सगळे म्हणतात, होईल हळूहळू ठीक. काय ठीक होणार?

१२ मे

दुपारी पाणी पाजताना हे काहीतरी पुटपुटले. कान अगदी ओठांशी नेला.

"सरांवर रागावू नकोस. मीच सांगितलं होतं त्यांना. हिला बाकी काही नको... फक्त बाजूला व्हायला शिकवा. मी पडणार, ही धरायला येणार... माझ्याखाली मोडेल ती."

पेला खाली ठेवला. "मला विचारायचंत तरी!" मी ओरडलेच.

ह्यांचे ओठ हलले. मी परत कान जवळ नेला.

"विचारलं असतं... तर शिकली असतीस?"

नसते शिकले.